हाई खरं शे का? विश्वास न बसणाऱ्या गोष्टींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं गाव चोपडा तालुक्यातलं, घरी केळी आणि थोडा कापूस, आणि मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे "सर, हाई खरं शे का?" असा मेसेज आठवड्यातून दोन-चार तरी येतोच, पोरांचा, त्यांच्या आईबापांचा, कधी लग्नात भेटलेल्या पाहुण्यांचा. फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे सगळे इथे लिहून काढले. सोपे आधी, किचकट नंतर. जमेल तिथे आपल्या खानदेशातलंच उदाहरण घेतलंय, कारण ते तुम्हाला स्वतः जाऊन बघता येतं.

१. केळीचं झाड हे झाडच नसतं म्हणे. मग आम्ही बागेत काय लावलंय?

बोलताना झाड म्हणा, काही बिघडत नाही, पण वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने तिच्यात लाकूड नसतंच, म्हणून ती एक अवाढव्य वाढलेली शाकीय वनस्पती धरतात. आपण ज्याला खोड म्हणतो ते खोड नाही, पानांचे खालचे भाग एकावर एक गुंडाळून झालेला तो घट्ट खांब आहे. खरं खोड जमिनीतला कंद.

खात्री करायची असेल तर पिलं (केळीच्या बुडाशी फुटणारे नवे कोंब) कापतात त्या दिवशी बागेत जा. सकाळी विळ्याने सपाट कापलेलं पील संध्याकाळी बघा, कडेचे थर तिथेच असतात आणि मधला कोवळा कोंब बोट-दोन बोट वर आलेला असतो, कारण आतलं पान खालून ढकलत वर येतच राहतं. लाकडाचं खोड असतं तर असं झालंच नसतं. मी लहानपणी हे बघून घाबरलो होतो, आता दरवर्षी पोरांना मुद्दाम दाखवायला नेतो.

आणि हो, केळं हे फळ शास्त्राच्या भाषेत 'बेरी' आहे. स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही.

२. केळ्यात बी का नसतं? मग नवीन रोप येतं कुठून?

जंगली केळीत बी असतं, काळं, मिऱ्यासारखं, दाताखाली आलं तर दात दुखेल इतकं कडक. आपण खातो त्या केळीत गुणसूत्रांच्या दोनऐवजी तीन जोड्या... नाही, नीट सांगतो, दोन संचांऐवजी तीन संच असतात, आणि तीनाची सरळ वाटणी होत नाही म्हणून बी धरतच नाही. केळं मधोमध चिरलं की जे बारीक काळे ठिपके दिसतात ते त्या न झालेल्या बियांचे.

मग रोप एकतर कंदापासून, पिलापासून किंवा टिश्यू कल्चरच्या लॅबमधून. म्हणजे रावेरपासून चोपड्यापर्यंत जेवढी जी-नाईन जातीची केळी उभी आहे ती सगळी एकाच रोपाच्या नकला समजा. पीक एकसारखं येतं हा फायदा, पण एका रोपाला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारू शकतो हा मोठा धोका. हे आधी घडलेलं आहे. जगभर विकली जाणारी ग्रोस मिशेल नावाची केळी १९५० च्या दशकापर्यंत पनामा मर रोगाने व्यापारातून जवळजवळ संपली आणि तिच्या जागी आजची कॅव्हेंडिश आली, जी-नाईन त्याच घरातली.

३. केळी रेडिओॲक्टिव्ह असतात हे खरं का? पोरांना द्यायची की नाही?

खरं आहे, आणि बिनधास्त द्या.

केळ्यात पोटॅशियम असतं आणि निसर्गातल्या सगळ्याच पोटॅशियमचा अगदी थोडा भाग, ०.०१२ टक्क्याच्या आसपास, किरणोत्सारी असतो. एका केळ्यात दर सेकंदाला साधारण १३ ते १५ अणू फुटतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण तुमच्या स्वतःच्या अंगातल्या पोटॅशियमचे सेकंदाला ४,००० पेक्षा जास्त अणू फुटत असतात, आत्ता हे वाचतानासुद्धा, आणि ते तुम्ही जन्मल्यापासून चालू आहे. शेजारी बसलेला माणूस केळ्यापेक्षा जास्त रेडिओॲक्टिव्ह असतो.

मग रोज डझनभर खाल्ली तर साठत जाईल ना? असं लगेच विचारतात. नाही साठत. शरीर पोटॅशियमचं प्रमाण ठरलेलं ठेवतं, जास्तीचं लघवीतून बाहेर. किडनीचा आजार असलेल्यांना डॉक्टर केळी कमी करायला सांगतात ते याचसाठी, किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही म्हणून. त्याचा किरणोत्साराशी संबंध नाही.

४. एक पिकलेलं केळं ठेवलं तर बाकीची कशी पिकतात, त्यांना कळतं कसं?

वासाने म्हणा. पिकणारं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं, तो शेजारच्या केळ्याला लागला की ते पिकायला लागतं आणि तेही इथिलीन सोडतं. पूर्वी बंद खोलीत धूर करून केळी पिकवायचे, त्या धुरातही इथिलीन असतं. आताच्या रायपनिंग चेंबरमध्ये तोच वायू मोजून सोडतात.

५. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी? पेशी तर डोळ्याने दिसत नाही ना?

मला हा सगळ्यात आवडता प्रश्न. होय, एकच पेशी. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलायच्या सुमारास लांबायला लागते आणि तीनेक आठवडे लांबतच राहते, अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत, जाडी मात्र केसापेक्षाही कमी. म्हणजे जाडीच्या हजारपट आणि त्याहून लांब. मग तिच्या आतून सेल्युलोजचे थर चढतात, आणि बोंड फुटलं की पेशी वाळून चपटी होते, तिला पीळ पडतो. तो पीळ आहे म्हणून तंतू एकमेकांत अडकतात आणि सूत निघतं.

वेचणीच्या दिवसात एक सरकी हातात घ्या, एक तंतू चिमटीत धरून ओढा आणि उन्हाकडे धरून बघा. पुस्तकात पेशीचं चित्र काढून काढून पोरं कंटाळतात, आणि बापाच्या वावरात अशा करोडो पेशी डोळ्यासमोर फुललेल्या असतात. अंगातला सुती शर्टसुद्धा पेशींचाच विणलेला.

६. भुईमुगाच्या शेंगा मुळाला लागतात ना?

नाही. फूल वर येतं, पिवळं, आणि त्याचं फलन होतं तेही वरच. मग फुलाच्या बुडातून आरी निघते, ती वाकून जमिनीत घुसते आणि अंधारात गेल्यावरच टोकाला शेंग धरते. आऱ्या सुटायच्या वेळी मातीची भर लावतात ती याचसाठी. हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, शहरातले पाहुणे विचारतात म्हणून लिहिलं.

७. मिरचीचा तिखटपणा ही चव नाही असं ऐकलं. मग जीभ जळते ती काय?

जळल्याचा भास. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या एका अशा सेन्सरला चिकटतं जो मुळात ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखायला आहे. तो मेंदूला सांगतो 'भाजलं', आणि मेंदू खरं मानतो, घाम काढतो, नाक गाळतो, डोळ्यात पाणी आणतो. हा सेन्सर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्या बायांना विचारा, हात रात्रभर जळतात त्यांचे. हाताला चव कळते का? नाही ना. पण तिथेही तेच सेन्सर आहेत. ही भासाची गोष्ट असली तरी त्यांचा त्रास अगदी खरा आहे, हे विसरू नका.

पाणी पिऊन आग जात नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या, त्यातलं केसिन नावाचं प्रथिन ते धुऊन नेतं. शेवभाजी जास्त झणझणीत झाली तर घोटभर ताक घ्या.

८. मग पोपट एवढ्या मिरच्या कसा खातो?

पक्ष्यांमधला तोच सेन्सर कॅप्सेसिनला दादच देत नाही. त्याला मिरची म्हणजे ढोबळी. मिरचीच्या दृष्टीने हे सोयीचं, कारण पक्षी बी न चावता लांब नेऊन टाकतात, उंदीर-घुशी ते चावून संपवतात. तिखटपणा दात असलेल्यांना लांब ठेवायला आहे. आणखी एक, मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आली. साडेपाचशे वर्षांपूर्वी खानदेशात हिरव्या मिरचीचा ठेचा नव्हता. आमच्या घरी हे कोणालाच पटत नाही, पण आहे तसंच.

९. उंबराला फूल येतच नाही ना?

'उंबराचं फूल' म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट, असं आपण म्हणतो. पण फुलं येतात, शेकड्यांनी येतात, फक्त बाहेर नाही, आत. आपण ज्याला उंबर म्हणतो ती फुलांची उलटी करून बंद केलेली पिशवी आहे. एक कच्चं उंबर ब्लेडने उभं चिरा, आतल्या भिंतीला चिकटलेली बारीक बारीक दाटीवाटीची जी फुलं दिसतात तीच.

आत परागीभवन करायला एक पिटुकली गांधीलमाशी येते, चिलटापेक्षाही लहान. ती टोकाच्या भोकातून घुसते, भोक इतकं अरुंद की घुसताना तिचे पंख तुटतात, आत अंडी घालते, अंगावरचे परागकण फुलांना लावते आणि तिथेच मरते. तिची पिल्लं आतच वाढतात. नरांना पंख नसतात, ते मादीशी संग करतात, बाहेर जायला बोगदा पाडतात आणि मरतात, त्यांचं अख्खं आयुष्य त्या एका उंबरात. माद्या पराग घेऊन बोगद्यातून उडतात, दुसऱ्या उंबराकडे. पिकलेलं उंबर फोडलं की भुर्रकन उडतात ती हीच, माझी आजी त्यांना केंबरं म्हणायची आणि उंबर आधी फुंकून मग आमच्या हातात द्यायची.

या जातकुळीतल्या झाडांच्या आपापल्या ठरलेल्या माश्या असतात, वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी. माशी संपली तर झाडाला बी नाही, झाड संपलं तर माशीला घर नाही.

१०. मग अंजीर शाकाहारी की मांसाहारी? आमच्याकडे उपासाला चालतं.

चालू द्या. आपल्याकडे शेतात लावतात ती अंजिराची जात परागीभवनाशिवायच फळ धरते, तिला माशी लागत नाही. जगात काही जातींना लागते, आणि तिथे मेलेली मादी फळातलाच एक पाचक रस विरघळवून टाकतो. जंगली उंबराचं मात्र प्रश्न ९ मध्ये सांगितलं तसंच, तिथे आत जीव असतातच. खायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी फक्त काय असतं ते सांगितलं.

११. शहाद्याच्या जंगलात मेलेला पक्षी जिवंत सापडला, ही काय भानगड आहे?

मेलेला म्हणजे नामशेष समजलेला. हा रानपिंगळा, आणि ही गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

हा छोटा घुबडाच्या जातीचा पक्षी शास्त्राला १८७० च्या दशकात माहीत झाला. १८८४ पर्यंत त्याचे मोजून सात नमुने गोळा झाले, त्यातले काही जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच, शहादा-तळोदा भागातून घेतलेले. त्यानंतर एकदम शांतता. वर्षं गेली, शंभर वर्षं गेली, कोणालाच दिसला नाही.

फक्त एक नमुना अधेमधे होता, रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला असं लिहून ठेवलेला. लोक त्या भरवशावर शोधत राहिले. पुढे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची तपासणी केली तेव्हा तो चोरीचा निघाला. संग्रहालयातला जुना डेव्हिडसनचा नमुना उचलून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावलेली. म्हणून मग त्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि फक्त खऱ्या जुन्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून शोध घेतला. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट त्यांच्यासोबत होते. २५ नोव्हेंबर १९९७ ला, सकाळच्या उजेडात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला तो एका झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झालेला नव्हता, ते धुळे जिल्ह्यातच होतं.

त्या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या त्याच जंगलात राहत होती आणि पक्षीही तिथेच होता, तो कुठे गेलाच नव्हता. पुढे यावल अभयारण्यात आणि मेळघाटातही तो दिसला.

१२. मला गावात पिंगळा दिसला, तो रानपिंगळाच असेल का?

बहुतेक नाही. गावातल्या वडावर, जुन्या भिंतीच्या भोकात राहतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, छातीवर गडद तपकिरी पट्टा, आणि तो सागाच्या जंगलात दिवसाढवळ्या शिकार करतो. दिसला तर लांबूनच फोटो काढा आणि वनविभागाला कळवा, घरट्याजवळ जाऊ नका, कितीही मोह झाला तरी.

१३. पावसाळ्यात वावरावर उडणारे पिवळसर चतुर आफ्रिकेला जातात?

ती जात जाते, होय. चार्ल्स अँडरसन नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवला राहायचे, त्यांना दर ऑक्टोबरात तिथे लाखो चतुर येताना दिसायचे. आता मालदीवला नदी नाही, गोड्या पाण्याची तळीही जवळजवळ नाहीतच, चतुराला अंडी घालायला गोडं पाणी लागतं, मग हे येतात कशाला? त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये मांडलं की हे भारताकडून वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात, मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेत, आणि मान्सूनच्या वाऱ्यावर परत. जाऊन-येऊन १४,००० ते १८,००० किलोमीटर. एकच चतुर एवढं करत नाही, चार पिढ्या लागतात. म्हणजे पणजोबा निघतो आणि पणतू परत येतो.

१४. उनपदेवला गरम पाणी येतं, म्हणजे खाली ज्वालामुखी जिवंत आहे का? आम्हाला धोका आहे का?

नाही आणि नाही. चोपड्याजवळ अडावदकडे एक उनपदेव, शहाद्याकडे दुसरं, दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याला. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून गरम पाणी काढलं, ही कथा सगळ्यांना माहीतच आहे. आता जमिनीच्या पोटात काय होतं ते सांगतो. जमिनीत दर किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, हे सगळीकडेच. तापीच्या खोऱ्यात सातपुड्याच्या कडेने जमिनीत खोल भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यातून खूप खाली उतरतं, तापतं, आणि दुसऱ्या भेगेतून जोराने वर येतं, थंड व्हायला वेळ मिळायच्या आत. बंब जसा खालून तापतो तसं, फक्त लाकूड कोणी टाकत नाही.

ज्वालामुखी इथे होता, खूप मोठा, पण तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी. आपला सगळा काळा दगड त्याचाच. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

१५. धुळ्याकडे माळावर लांबच लांब काळ्या दगडांच्या भिंती दिसतात, त्या कोणी बांधल्या?

कोणीच नाही. लाव्हा वर येताना जमिनीत फट पडते, काही लाव्हा त्या फटीतच थिजतो. बाजूचा दगड मऊ, तो लाखो वर्षांत झिजून जातो, थिजलेला कडक भाग भिंतीसारखा उभा राहतो. याला डाइक म्हणतात, आणि नंदुरबार-धुळे पट्टा डाइकसाठी जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे. साक्री-धुळे-पारोळा अशी जाणारी एक तर ७० किलोमीटरपेक्षा लांब आहे.

काही ठिकाणी भिंतीतले दगड आडवे, सहा-पाच कोनी, चुलीशेजारी सरपण रचून ठेवावं तसे दिसतात, म्हणून लोकांना वाटतं माणसानेच रचले. थिजताना लाव्हा आकसतो आणि थंड बाजूच्या काटकोनात तडकतो. भिंतीच्या दोन्ही बाजू थंड, म्हणून तडे आडवे. हाच लाव्हा सपाट पसरून थिजला तर खांब उभे येतात.

१६. भर दुपारी सावली गायब होते म्हणतात. रोज बाराला होते का?

रोज नाही, वर्षातून दोनच दिवस, आणि बाराला पण नाही. कर्कवृत्ताच्या खाली राहणाऱ्यांना सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो. खानदेशात पहिली वेळ मे च्या शेवटच्या दहा दिवसांत, चाळीसगावला आधी, जळगाव-धुळ्याला २४-२६ च्या आसपास, नंदुरबारला त्यानंतर. दुसरी वेळ जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पण तेव्हा बहुतेक ढगच असतात.

वेळ साडेबाराच्या जवळपास, जळगावला १२:२५ धरा, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. मे महिन्यात आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, पाय ठेवला तर पोळतो, तरी मी पोरांना घेऊन जातो, पाण्याची बाटली, टोप्या, आणि पाइपचा एक सरळ तुकडा. पाइप उभा ठेवला की सावली हळूहळू बुडाशी येते, येते, आणि मग पाइपच्या आतून उजेडाचा गोल सरळ जमिनीवर पडतो, बाहेर सावली शून्य. दोन-तीन मिनिटंच. मग दुसऱ्या बाजूने सावली फुटते. पोरं आरडाओरडा करतात, मी पण करतो.

१७. दिल्लीला माझा भाऊ आहे, त्याला कोणती तारीख सांगू?

कोणतीच नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे सूर्य कधीच बरोब्बर डोक्यावर येत नाही. त्याला मे महिन्यात इकडेच बोलवा.

१८. सोनं पृथ्वीवर तयार झालेलंच नाही, हे जळगावच्या सराफाला सांगू का?

सांगा, त्याला आवडेल. सोन्याचा अणू इतका जड की तो आपल्या सूर्यासारख्या ताऱ्यातही बनत नाही. मेलेल्या ताऱ्यांचे अतिघट्ट गोळे, न्यूट्रॉन तारे, एकमेकांवर आदळले की बनतो. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी एक टक्कर शास्त्रज्ञांनी पकडली, १३ कोटी प्रकाशवर्षं लांब, आणि तिथल्या उजेडात जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा सापडल्या. पृथ्वी बनायच्या आधीच असं सोनं धुळीत मिसळलेलं होतं, त्या धुळीतून पृथ्वी झाली. आईच्या मंगळसूत्रातला मणी पृथ्वीपेक्षा जुना आहे.

माणसाने आजपर्यंत खणलेलं सगळं सोनं एकत्र वितळवलं तर २२ मीटर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा होईल, बस. आणि प्रयोगशाळेत करता येतं का, तर येतं, १९८० मध्ये अमेरिकेत बिस्मथपासून केलं, पण हाती आले फक्त काही हजार अणू, आणि खर्च सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट.

१९. तवा जास्त तापला की पाण्याचा थेंब लवकर आटायच्या ऐवजी नाचत का राहतो?

तवा साधारण २०० अंशांच्या वर गेला की थेंबाच्या खालचा थर टेकता क्षणीच वाफ होतो आणि उरलेला थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगतो. वाफेतून उष्णता सावकाश जाते, म्हणून थेंब टिकतो. कमी तापलेल्या तव्यावर तोच थेंब चर्र करून लगेच संपतो. १७५६ मध्ये लाइडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने हे लिहिलं, त्याचंच नाव आहे याला. लोखंडी तव्यावर करून बघा, मातीच्या खापरावर एवढं छान जमत नाही कारण ते पाणी पिऊन घेतं.

२०. भुसावळच्या उन्हात रूळ लांब होतात, मग आता रुळात फट का नसते?

एक किलोमीटर रूळ ४० अंशांनी तापला तर मोकळा सोडल्यास जवळजवळ ४६ सेंटीमीटर वाढेल, हातभर. पूर्वी म्हणून फटी ठेवायचे आणि गाडी खटक-खटक वाजायची. आता रूळ वेल्डिंग करून लांबच लांब करतात आणि स्लीपर, क्लिपा, खडी यांनी इतके घट्ट धरून ठेवतात की वाढायला जागाच मिळत नाही, ताण आतल्या आत राहतो. बसवतानाच मधल्या तापमानाला बसवतात, म्हणजे उन्हाळ्यात दाब आणि हिवाळ्यात ओढ दोन्ही सोसण्याइतकी राहते. तरीही अतिउन्हात रूळ वाकू शकतो, म्हणून मे महिन्यात दुपारी गँगमन चालत रूळ तपासतात. त्या उन्हात.

२१. शुक्रावर दिवस वर्षापेक्षा मोठा असतो?

स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवस, सूर्याभोवती २२५. म्हणजे होय. पण 'दिवस' म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत असं धरलं तर तो ११७ दिवसांचाच भरतो, कारण शुक्र उलटा फिरतो. सूर्य तिथे पश्चिमेला उगवतो. दोन्ही उत्तरं बरोबर, प्रश्न नीट विचारला पाहिजे.

२२. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो, नाग दूध पितो, लांडोर मोराचे अश्रू पिऊन गाभण राहते. यातलं किती खरं?

तिन्ही खोटं. ऑक्सिजन बनवायला उजेड लागतो, पिंपळालाही. कोरफड, निवडुंग अशा काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, पण ऑक्सिजन त्याही दिवसाच सोडतात. नागाला दूध पचत नाही, नागपंचमीच्या आधी त्याला उपाशी-तहानलेला ठेवलेला असतो म्हणून तो तोंड लावतो, आणि बरेचदा मरतो. कृपा करून पाजू नका. मोर-लांडोरीचं मीलन कोंबडा-कोंबडीसारखंच होतं.

२३. विंचू अंधारात चमकतो हे खरं का, आणि पोरांना कसं दाखवायचं?

नुसत्या अंधारात नाही, अल्ट्राव्हायोलेट उजेडात. नोटा तपासायची ती जांभळी टॉर्च मिळते ना, ती मारली की विंचू हिरवा-निळा असा चमकतो की दहा पावलांवरून दिसतो. त्याच्या कवचातल्या काही पदार्थांमुळे होतं ते, मेलेला विंचूही चमकतो, टाकून दिलेली कातही चमकते.

अपवाद एक, आणि तो लक्षात ठेवाच. नुकतीच कात टाकलेला विंचू कवच कडक होईपर्यंत चमकत नाही. म्हणजे टॉर्च मारली आणि काही दिसलं नाही, तरी तिथे विंचू नाही असं समजू नका. बूट घाला, दगड हाताने उलटू नका, काठीने उलटा. आपल्याकडचा लाल विंचू लहान पोराच्या जिवावर उठू शकतो, चावला तर झाडपाला करत न बसता गाडी काढा आणि दवाखाना गाठा.